ऑस्टिओपोरोसिसमधील औषधबदल
ऑस्टिओपोरोसिस अर्थात अस्थिसुषिरता या विकारावर उपचार चालू असतानाही हाडे मोडत राहिल्यास औषध बदलण्याचा विचार केला जातो. कोणतेही औषध अस्थिभंगाचा धोका पूर्णपणे टाळत नाही. त्यामुळे केवळ एका अस्थिभंगावरून उपचार फसले असे मानत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस प्रतिष्ठानच्या २०१२ मधील निकषांनुसार उपचारकाळात किरकोळ आघाताने दोन किंवा अधिक अस्थिभंग झाल्यास ते अपयश ठरते. तत्पूर्वी गोळ्या नियमित घेतल्या जातात का आणि ड जीवनसत्त्व पुरेसे आहे का, हे तपासतात. भरपूर ऊन असूनही भारतात या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. त्यानंतर अ‍ॅलेंड्रोनेटच्या गोळ्यांऐवजी झोलेड्रॉनिक आम्लाचे वार्षिक इंजेक्शन किंवा नवे हाड घडवणारे टेरिपॅराटाइड दिले जाते. डेनोसुमॅबबाबत अधिक सावधगिरी लागते. त्याचे सहामाही इंजेक्शन नुसते थांबवल्यास हाडांची घनता झपाट्याने घटून एकाहून अधिक मणके मोडू शकतात, तर त्याऐवजी थेट टेरिपॅराटाइड दिल्यास खुब्याच्या हाडाची घनता काही काळ कमी होते.