ब्रॉडबँड वेगाचा अंदाज

घराला इंटरनेट जोडणी देण्यापूर्वी तिथे प्रत्यक्षात किती वेग पोचेल, याचा सेवादाता कंपनीने मांडलेला हिशोब. प्लॅनवर छापलेला वेग ही कमाल मर्यादा असते. घरातला वेग लाइनची लांबी, तिची अवस्था आणि त्या लाइनवरचे वाटेकरी यांवर ठरतो.

तांब्याची तार : भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून एडीएसएल ब्रॉडबँड सुरू केले. तांब्यात उच्च कंप्रतेचे संकेत अंतरागणिक झपाट्याने क्षीण होतात. म्हणून एक्स्चेंजपासूनचे सरळ अंतर न धरता केबल ज्या वळणांनी घरी येते ती लांबी आणि तारेची जाडी धरून घट डेसिबेलमध्ये काढतात. एडीएसएल२+ची कमाल २४ मेगाबिट प्रतिसेकंद. १ किमीवर साधारण २०, तर ५ किमीवर जेमतेम १-२ उरतात. जोडात पावसाचे पाणी शिरले की हाही अंदाज चुकतो.

फायबर : इथे अंतराने वेग घटत नाही, प्रकाश घटतो. समजा, कंपनीच्या यंत्राने ३ डीबीएम शक्तीचा प्रकाश सोडला. ३२ घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरने सुमारे १७, १० किमी तंतूने ३ आणि जोडांनी २ डेसिबेल खाल्ले, तर घरी उणे १९ डीबीएम पोचतो. उणे २७ पर्यंत घरचे उपकरण तो वाचू शकते. त्याहून क्षीण झाला की जोडणी अडखळते आणि प्रकाश अगदीच तुटला की उपकरणावरचा 'लॉस'चा दिवा लाल होतो. वेगाची वाटणी वेगळी : जीपॉन या सामायिक फायबर पद्धतीचे २.४८८ गिगाबिट ३२ घरांनी एकाच क्षणी ओढले तर प्रत्येकी सुमारे ७८ मेगाबिट येतात. सगळे एकदम ओढत नाहीत, या अनुभवावरच मोठे प्लॅन विकले जातात.

खेड्यातील स्थिती : २०११ मध्ये मंजूर झालेल्या, पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेचे उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे होते. परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावाचा अंदाज मांडताना पंचायतीपासून घरापर्यंतचा आणि शेतातल्या आखाड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा वेगळा मोजावा लागतो. गावाला येणारी सामायिक वाहिनी अरुंद असेल, तर घरातला उत्तम फायबरही रात्री मंदावतो.

नियमन : 'ब्रॉडबँड' म्हणवण्याचा किमान वेग २००४ च्या धोरणात २५६ किलोबिट होता, २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २००६ च्या विनियमांत ग्राहकाला घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा, असा निकष होता.

पडताळणी : राउटरला केबलने संगणक जोडून पहाटे एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा वेग मोजावा. दोन्ही वेळा कमी भरला तर दोष बहुधा लाइनमध्ये किंवा उपकरणात. फक्त रात्री घटला तर वाटेकरी जास्त. तंत्रज्ञाकडून घरी पोचणाऱ्या प्रकाशाचा डीबीएम आकडा लिहून घ्यावा. पुढे तक्रार करताना तोच पुरावा ठरतो.