आवळ्याचा आकडा

मंडळी, आवळा खाऊन वर पाणी प्यालं की ते गोड लागतं, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण ज्या तुरटपणाने आधी तोंड आवळून येतं, त्यानेच शास्त्रज्ञांच्या हिशेबात घोळ घातला. त्याची ही हकीकत.

1939-40 साली तेव्हाच्या पंजाबातील हिसार जिल्ह्यात मोठा दुष्काळ पडला. भाजीपाला, फळफळावळ दिसेनाशी झाली आणि लोकांना स्कर्व्ही जडला. या रोगात हिरड्या सुजतात, रक्त येते, दात हलू लागतात. पूर्वी लांबच्या सफरीवरचे दर्यावर्दी याच रोगाने दगावत. कारण एकच, 'क' जीवनसत्त्वाचा तुटवडा. हिसारच्या रोग्यांना आवळा देण्यात आला, आणि गुण आला! आपली आजीबाई आवळकाठी जपून ठेवते ती काही उगीच नव्हे.

पुढे पुस्तकांतून आकडा रूढ झाला: 100 ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व. आता हे मोजत कसे? एका रंगाच्या द्रावणाशी रस मिसळायचा, किती रंग उडाला ते पाहायचे. पण रंग काही एकटे 'क' जीवनसत्त्वच उडवते असे नाही. टॅनिन म्हणून जी तुरट द्रव्ये आहेत, तीही ऑक्सिडीकरणाला विरोध करणारीच. म्हणजे दोघांची मजुरी एकाच्या नावावर चढली.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. 1996 च्या सुमारास काही संशोधकांनी आवळ्यातील 'एम्ब्लिकॅनिन' या टॅनिनांचे वर्णन केले, आणि आवळ्यात 'क' जीवनसत्त्व मुळी नाहीच, असेही म्हटले गेले. अहो, मग हिसारचे रोगी बरे कशाने झाले? टॅनिनाने स्कर्व्ही हटत नाही. पुढे घटक वेगळे करून मोजले, तेव्हा ते सापडलेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या कोष्टकात आकडा आहे सुमारे 250. जातीप्रमाणे तो कमीजास्त होणारच. तरी संत्र्याच्या कित्येक पट!

तेव्हा गुरुजी, वर्गातल्या जुन्या तक्त्यावर 600 असेल तर शेजारी नवा आकडाही लिहा. आणि टॅनिन मुलांना दाखवायचे असेल तर प्रयोगशाळा नको. जुन्या लोखंडी विळीवर एक आवळा चिरा आणि एक लिंबू. थोड्या वेळाने आवळ्याच्या फोडी काळ्या पडतील, लिंबाच्या तशा पडणार नाहीत. लोखंड आणि टॅनिन यांची गाठ पडली की हा काळा रंग धरतो.