कचेरीतील परकेपण आणि छायाचित्रकला

काचेच्या भिंती, एकसारख्या टेबलांच्या रांगा, दिवसभर न बदलणारा ट्यूबलाइटचा उजेड आणि प्रत्येक मजल्यावर तीच ती मार्गिका. मोठ्या कंपन्यांच्या इमारतींचे हे रूप मुंबई-पुण्याच्या वाचकास नवे नाही. अशा वास्तूत वावरणाऱ्या माणसाला जाणवणारे परकेपण आणि होणारा दिशाभ्रम हा छायाचित्रकलेचा एक महत्त्वाचा विषय ठरला आहे. श्रमापासून, सहकाऱ्यांपासून आणि अखेर स्वतःपासून दुरावण्याच्या या अवस्थेची मांडणी कार्ल मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत केली. मराठीत तिला 'परात्मता' म्हणतात.

दिशाभ्रमाचे कारण

माणूस ऊन, क्षितिज आणि ओळखीच्या खुणा यांच्या आधाराने दिशा ठरवतो. वातानुकूलित इमारतीच्या खोल अंतर्भागात हे तिन्ही आधार नाहीसे होतात. १९६८ मध्ये रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी अमेरिकेतील हर्मन मिलर कंपनीसाठी हलवता येणाऱ्या पडद्यांची कार्यालय-रचना सिद्ध केली. कर्मचाऱ्याला मोकळीक मिळावी, हा तिचा हेतू होता. प्रत्यक्षात कंपन्यांनी कमी जागेत अधिक माणसे बसवण्यासाठी तिचा उपयोग केला आणि खुराड्यासारखी 'क्युबिकल' जन्माला आली. पुढे खुद्द प्रॉप्स्ट यांनीच याबद्दल खंत व्यक्त केली. त्याआधी, १९६७ मध्येच, फ्रेंच दिग्दर्शक जाक ताती यांनी 'प्लेटाइम' या चित्रपटात काचेच्या कार्यालयात वाट चुकलेला माणूस दाखवून ठेवला होता.

दोन छायाचित्रकार

चॉन्सी हेअर हे कॅलिफोर्नियात स्टॅन्डर्ड ऑइल कंपनीत अभियंता होते. आपल्यासारख्याच नोकरदारांना त्यांनी कॅमेऱ्यात टिपले. 'धिस वॉज कॉर्पोरेट अमेरिका' हे त्यांचे पुस्तक १९८० च्या दशकात निघाले. फ्लॅशच्या थेट प्रकाशात त्यातील माणसे सामानाच्या गर्दीत अडकल्यासारखी दिसतात. गुगेनहाइम पाठ्यवृत्ती तीनदा मिळूनही हेअर यांनी पुढे छायाचित्रण सोडले आणि कामाच्या ठिकाणी खचलेल्या माणसांसाठी समुपदेशक म्हणून काम केले. हे दुःख नुसते टिपून भागत नाही, असाच त्या निर्णयाचा अर्थ लावावा लागतो.

स्वीडनचे लार्स तुनब्यॉर्क (१९५६-२०१५) यांनी न्यूयॉर्क, टोकियो आणि स्टॉकहोम येथील कचेऱ्या रंगीत छायाचित्रांत टिपल्या. शहर कोणते, हे त्या चित्रांवरून सहसा ओळखता येत नाही आणि तेच त्यांचे मर्म आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईत मित्तर बेदी (१९२६-१९८५) यांनी भारतातील औद्योगिक छायाचित्रणाचा पाया घातला. त्यांची कृष्णधवल चित्रे कंपन्यांसाठी काढलेली असत. त्यांत उद्योग हा नव्या राष्ट्राचा अभिमान आहे आणि माणूस पुष्कळदा यंत्राची भव्यता दाखवण्यापुरता आहे. परकेपणाची चित्रे याच चौकटीची दुसरी बाजू दाखवतात. पुढे दयानिता सिंग यांनी 'फाइल रूम' (२०१३) या पुस्तकात देशातील दप्तरखाने टिपले. कागदांच्या ढिगाऱ्यांत अधूनमधूनच एखादा माणूस दिसतो.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात काचेचे मनोरे नाहीत. तेथील तरुण नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात. परंतु एकसारख्या बांधकामातून येणारे परकेपण या जिल्ह्याने दुसऱ्या वाटेने अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. दगडमातीच्या माळवदाच्या घरांची, वळणावळणाच्या गल्ल्यांची आणि भावकीच्या शेजाराची जागा बहुतेक ठिकाणी सरळ रस्त्यांनी व साच्यातल्या घरांनी घेतली. घरे सुरक्षित झाली, पण ही शहरी आखणी गावच्या जगण्याशी जुळत नाही, अशी टीका अभ्यासकांनी केली. कचेरीच्या मार्गिकेत चुकणारा कर्मचारी आणि नव्या वसाहतीत बुजणारा म्हातारा यांची व्यथा एकाच जातीची आहे.

टिपण्याची रीत

या विषयात नाट्यमय कोनांपेक्षा संयम उपयोगी पडतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवून रांगांची पुनरावृत्ती चौकटीच्या कडेपर्यंत जाऊ द्यावी. काचेतील प्रतिबिंब टाळू नये, कारण आतले व बाहेरचे यांची सरमिसळ हाच तर अनुभव आहे. माणूस चौकटीत लहान दिसावा, पण त्याच्या टेबलावरचा देवाचा फोटो, डबा किंवा मुलाने काढलेले चित्र सुटू नये. साच्यातली जागा आपलीशी करण्याचा तो त्याचा प्रयत्न असतो. मालकाची परवानगी नियमाने घ्यावी लागते. टेबलावर बसलेल्या माणसाची संमती मात्र माणुसकीने घ्यावी, कारण छायाचित्राची झळ पोहोचलीच, तर ती आधी त्याच्या नोकरीला पोहोचते.