रॅम पट्टी : ओळख व सुसंगतता
जुन्या, अनोळखी रॅम पट्टीचा प्रकार, क्षमता व मदरबोर्डशी सुसंगतता ठरविण्याची पद्धती (पहा : संगणक स्मृती). अर्धवाहक उद्योगाची मानके ठरविणाऱ्या जेडेक संस्थेने रॅमच्या पिढ्यांसाठी डीडीआर (2000), डीडीआर-2 (2003), डीडीआर-3 (2007) व डीडीआर-4 (2012) ही मानके प्रसिद्ध केली. डेस्कटॉपच्या, डीडीआरपूर्वीच्या एसडी-रॅम पट्टीला 168 पिना व दोन खाचा, डीडीआरला 184 पिना व एक खाच असते. डीडीआर-2 (1.8 व्होल्ट) व डीडीआर-3 (1.5 व्होल्ट) या दोहोंना 240 पिना असून खाचेची जागा भिन्न असते, डीडीआर-4 ला 288 पिना असतात. लेबल नसल्यास चिपवरील क्रमांक किंवा एसपीडी चिपमधील (पट्टीची माहिती साठवणारी चिप) नोंद पाहतात. पिढी जुळली तरी मदरबोर्डची कमाल क्षमता व ईसीसी (त्रुटी-दुरुस्ती) प्रकार तपासावा लागतो (पहा : मदरबोर्ड). महाराष्ट्रात एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाच्या (2001 पासून) केंद्रांमुळे भोकरसारख्या (जि. नांदेड) तालुक्याच्या गावी पोचलेल्या संगणकांच्या दुरुस्तीत व पुनर्वापरात ही पद्धती उपयुक्त ठरते (पहा : ई-कचरा).