मोबाइल जाळ्यांतील अनुकूली साधनवाटप

टॉवरकडील मर्यादित वारंवारतापट्टा, वेळ व प्रक्षेपणशक्ती ही साधने ग्राहकांच्या बदलत्या गरजेनुसार आणि संकेताच्या प्रतीनुसार क्षणोक्षणी वाटून देण्याची पद्धत. ४जी जाळ्यात १८० किलोहर्ट्‌झ रुंदीचे तुकडे दर मिलिसेकंदाला नव्याने वाटले जातात. केवळ उत्तम संकेत असलेल्यांनाच तुकडे दिले, तर एकूण वेग वाढतो, पण दूरच्या शिवारातला फोन उपाशी राहतो. म्हणून प्रत्येकाला आधी मिळालेला वाटा विचारात घेणारे प्रमाणशीर वाटपच अधिक न्याय्य होय. वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी (ता. मानोरा) येथे रामनवमीला बंजारा भाविकांची मोठी यात्रा भरते, अशा गर्दीत वाटप कितीही कुशल असले तरी मूळ पट्टा वाढत नाही, म्हणून तात्पुरते फिरते टॉवर उभारावे लागतात.