पाचव्या भिल्लमाचा मृत्यू : एक पुनर्विचार

देवगिरीच्या यादवांचे मूळ नाशिक जिल्ह्यात आहे. चंद्रादित्यपूर म्हणजे आजचे चांदवड आणि सिंदीनगर म्हणजे आजचे सिन्नर ही त्यांची आरंभीची ठाणी होत. चालुक्यांचे मांडलिकत्व झुगारून या घराण्याला सार्वभौम पद मिळवून दिले ते पाचव्या भिल्लमाने. देवगिरीची स्थापनाही त्याचीच. अशा पुरुषाचा अंत दक्षिणेकडील मोहिमेत, होयसळ वीरबल्लाळाशी झालेल्या युद्धात रणांगणावर झाला, असे अनेक ग्रंथांत निःशंकपणे लिहिलेले आढळते. या विधानास आधार किती, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम कालनिश्चिती करू. गदग येथील त्रिकूटेश्वर मंदिरास भिल्लमाने दिलेल्या दानाचा लेख शके १११३, ज्येष्ठ अमावास्या, रविवार, सूर्यग्रहण या मितीचा आहे. ही मिती २३ जून ११९१ होय. त्या दिवशी भिल्लम हयात होता आणि गदगचा प्रदेश त्याच्या सत्तेखाली होता. पुढे शके १११४ च्या मार्गशीर्षात, म्हणजे नोव्हेंबर ११९२ मध्ये, त्याच देवस्थानास दान देणारा राजा वीरबल्लाळ आहे, आणि त्याचा मुक्काम जवळच्या लोक्किगुंडीस, म्हणजे लक्कुंडीस, आहे. निर्णायक युद्ध या सतरा महिन्यांत झाले, हे उघड आहे.

आता साधनांची साक्ष घेऊ. बल्लाळाच्या या लेखात भिल्लमाचा पराभव सांगितला आहे, त्याचा उजवा हात असलेल्या जैत्रसिंहाचा पाडाव सांगितला आहे. पण भिल्लमाचा वध सांगितलेला नाही. सोरटूरच्या युद्धात यादवांचे दोन लक्ष पायदळ व बारा हजार घोडदळ होते, हा आकडा नंतरच्या होयसळ लेखातला असून तो प्रशस्तीच्या भाषेतला समजावा. वधाची सूचना येते ती इ. स. ११९८ च्या लेखात. बल्लाळाने आपले खड्ग पांड्याच्या रक्ताने भिजविले, भिल्लमाच्या मस्तकरूपी सहाणेवर पाजळले आणि जैतुगीच्या मुखकमलात म्यान केले, अशा आशयाची ती रचना आहे. हा जैतुगी भिल्लमाचा पुत्र मानल्यास तो त्यानंतरही राज्य करीत होता; मग म्यानाची कल्पना जर अलंकार, तर सहाणेची तेवढी वस्तुस्थिती कशी मानावी?

दुसरी बाजूही तपासली पाहिजे. हेमाद्रीने व्रतखंडाच्या राजप्रशस्तीत भिल्लमानेच होयसळ नृपतीस मारल्याचे सांगितले आहे. सोरटूरच्या पराभवाविषयी तो मौन पाळतो. दोन्ही दरबारांचे कवी आपापल्या धन्यास विजयी करतात. म्हणून जो लेख घटनेस सर्वांत निकट, त्याचे मौन अधिक बोलके ठरते. शत्रुराजाचा वध झाला असता तर विजेत्याने तो एका वर्षाच्या आत कोरविल्याशिवाय राहिला नसता.

या काळाची तुलना मनोरंजक आहे. भिल्लमाच्या दानदिनी झालेल्या ग्रहणाची नोंद युरोपातील बखरकारांनीही केली आहे. त्या वेळी तिसऱ्या धर्मयुद्धातील ख्रिस्ती सेना आक्रेला वेढा देऊन बसली होती. त्याच धर्मयुद्धास निघालेला सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा १० जून ११९० रोजी आशिया मायनरमधील नदीत बुडून मरण पावला. तो नदी ओलांडताना बुडाला की स्नान करताना, याविषयी तेथील वृत्तांतही एकमुखी नाहीत. मोहिमेवरील राजाचा मृत्यू सर्वत्रच कथेचा विषय होतो. भेद इतकाच, की दक्षिणेतील युद्ध धर्मासाठी नव्हते. उभय प्रतिस्पर्ध्यांनी एकाच त्रिकूटेश्वरापुढे दान दिले. वाद होता तो कुंतलाच्या स्वामित्वाचा.

तात्पर्य, भिल्लमाचा मृत्यू या मोहिमेच्या काळात अथवा तिच्या पाठोपाठ झाला, एवढेच प्रमाणसिद्ध आहे. तो बल्लाळाच्या हातून झाला, हे सिद्ध नाही. पराभवाचे परिणाम मात्र निःसंदिग्ध आहेत. कृष्णेच्या दक्षिणेकडील प्रदेश यादवांच्या हातून गेला, आणि तो परत मिळविण्यास भिल्लमाचा नातू सिंघण यावा लागला. सिन्नरच्या या राजकुलाचा इतिहास लिहिताना प्रशस्तीतील अलंकार आणि घडलेली घटना यांतील सीमा सांभाळणे अगत्याचे आहे.