जुन्या चर्चमधील हिवाळी ऊब : भाविकांची सोय आणि वास्तूचे रक्षण

युरोपच्या डोंगराळ भागांत शेकडो वर्षांपूर्वी उभारलेली अनेक लहान चर्चेस आजही उपासनेसाठी वापरात आहेत. जाड दगडी भिंती, उंच छत, कोरीव लाकडी वेदी हे त्यांचे वैभव. परंतु हिवाळ्यात आतील तापमान शून्य अंशाजवळ उतरते आणि वृद्धांना मिस्सासाठी तासभर बसणे कठीण होते. म्हणून विसाव्या शतकात अनेक ठिकाणी गरम हवा सोडणारी यंत्रे बसविण्यात आली. भाविकांची सोय झाली, मात्र वेद्यांना तडे जाऊ लागले.

याचे कारण समजून घेऊ या. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत सुमारे ५ ग्रॅम बाष्प मावते, तर २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम. ८० टक्के आर्द्रतेची शून्य अंशाची हवा केवळ तापवून २० अंशांवर नेली, तर तिची सापेक्ष आर्द्रता २२ टक्क्यांच्या आसपास येते. अशी कोरडी हवा लाकडातील ओलावा शोषून घेते. लाकूड आकसते, त्यावरील रंगाचे पापुद्रे सुटतात, ऑर्गनचे भाग सैल होतात. रविवारी तापविणे आणि इतर दिवशी थंड ठेवणे, हे चक्र सर्वाधिक घातक असते. शिवाय गरम हवा छताकडे जाते. खाली बसलेल्यांचे पाय गारच राहतात.

इटलीतील डोलोमाइट पर्वतराजीतील रोक्का पिएतोरे या गावी मग्दालिया मरियेच्या चर्चमध्ये सोळाव्या शतकातील लाकडी वेदी आहे. युरोपीय आयोगाच्या साह्याने शास्त्रज्ञ दारिओ कामुफ्फो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे वेगळा मार्ग अवलंबिला. इमारत तापविण्याऐवजी त्यांनी बाकांनाच मंद उष्णता देणारे विजेचे पातळ पत्रे बसविले. त्यामुळे पाय, मांड्या व हात यांना ऊब मिळते आणि वेदीजवळची हवा फारशी बदलत नाही.

पुढे युरोपीय प्रमाणीकरण समितीने २०१० साली लाकूड, कापड आदी वस्तूंसाठी तापमान व आर्द्रतेचे, तर २०११ साली उपासनास्थळे तापविण्यासंबंधीचे मानक प्रसिद्ध केले. त्यांतील मुख्य सूत्रे अशी :

१. उपाय योजण्यापूर्वी किमान वर्षभर तापमान व आर्द्रता मोजावी.
२. वस्तू ज्या हवामानाला सरावल्या आहेत, त्यात अकस्मात बदल करू नये.
३. तापमानाइतकेच आर्द्रतेवरही लक्ष ठेवावे.

आपल्या कोकणपट्टीत बर्फ पडत नाही, हे खरे. तथापि जुन्या चर्चमध्ये वातानुकूलन यंत्र बसविण्याचा विचार करताना हाच नियम लागू पडतो. केवळ रविवारी गारवा केला आणि यंत्र बंद झाल्यावर बाहेरची दमट हवा आत आली, की थंड झालेल्या भिंतींवर व मूर्तींवर ओल धरते. तेव्हा भाविकांची सोय अवश्य पाहावी. परंतु पूर्वजांनी श्रमाने उभारलेली वेदी पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप सोपविणे, हेही आपले कर्तव्यच आहे.